वावर कोणाचं होतं? लेकीच्या हिश्श्याचा कायदा, आज्यापासून

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसच्या ओट्यावर एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी न मोडलेली नवी साडी, दुकानाच्या कागदासकट. भावाने फोन करून बोलावून घेतलं होतं. वावराच्या कडेने रस्त्याच्या मोजणीचे दगड लागले होते, मोबदला यायचा होता, आणि त्याआधी बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. हक्कसोडपत्र म्हणजे सामायिक मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडल्याचा नोंदणीकृत दस्त.

भाऊ मसुदा घेऊन माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, एकदा नजर मारून द्या न." मसुद्यात 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' हे शब्द आधीच टाइप झालेले. मी बाईला विचारलं, "वावर कोणाचं?"

"बाबाचं."

"बाबाले कुठून आलं?"

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "वडिलोपार्जित आहे साहेब. आज्यापासून चालत आलेलं."

गोम इथेच आहे. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाच्या काळात मी हेच उत्तर पन्नासदा तरी ऐकलं, आता शक्तिपीठ महामार्गाच्या चर्चेने पुन्हा ऐकतो आहे. 'वडिलोपार्जित' हा शब्द गावात जेवढा सैल, कायद्यात तेवढाच घट्ट. लेकीला किती मिळणार, हा प्रश्न सगळे विचारतात. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, जमीन घरात आली कशी आणि ज्याची होती तो वारला कधी.

विहीर आणि रांजण

कायद्याच्या लेखी घरातली मिळकत दोन प्रकारची. समजायला दोन वस्तू डोळ्यासमोर ठेवा.

पहिली, वाड्यातली सामायिक विहीर. ती कोणा एकाची नसते. त्या घरात जन्माला आलं की दोर टाकायचा हक्क आपोआप मिळतो, कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. घरात पाळणा हलला की दोर वाढतो, कोणी गेलं की कमी होतो. एकत्र कुटुंबाची मिळकत अशी असते. जन्मानेच दोर मिळणाऱ्याला कायदा 'सहदायाद' म्हणतो. हा शब्द इथे एकदा वाचा आणि सोडून द्या.

दुसरी, बापाने स्वतः भरलेला रांजण. त्याने कमावलं, विकत घेतलं, किंवा त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं. तो जिवंत असेपर्यंत त्यातलं पाणी कोणाला द्यायचं ते तोच ठरवणार. विकेल, बक्षीस देईल, मृत्युपत्र करून पुतण्याला देऊन टाकेल. काही न लिहिता गेला, तर रांजण वारसांत सारखा वाटला जातो.

विहिरीत लेकीला दोर आहे का, यावर २००५ नंतर पंधरा वर्षं कोर्टात वाद चालला. रांजणात मात्र तिचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, भावाएवढाच. हे पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं. '२००५ चा कायदा आला तवापासून पोरींचं सुरू झालं' असं पारावर ऐकू येतं ते अर्धंच खरं आहे.

विज्ञानेश्वराने काय लिहिलं

विहिरीचा नियम इंग्रजांनी आणला नाही आणि दिल्लीनेही काढला नाही. तो बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिला गेला, कल्याणीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राज्यात विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, तिचं नाव 'मिताक्षरा'. बापाच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच, हे त्याने ठासून मांडलं. अशा हक्काला त्याने 'अप्रतिबंध दाय' म्हटलं, म्हणजे ज्याच्या वाटेत कोणी आडवं नाही असा वारसा. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या 'दायभाग' ग्रंथाने उलटं सांगितलं: बाप असेतो मुलाला काही नाही. म्हणजे तिकडे विहीर नाहीच, सगळे रांजण.

सपिंड म्हणजे जवळचा कोण, हे सांगताना जीमूतवाहनाने पिंडदानाचा भाताचा गोळा धरला. विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे शरीर असं सांगितलं; ज्यांच्यात एकाच देहाचे अंश आहेत ते सपिंड. या हिशेबाने बापाच्या देहाचा अंश लेकीतही लेकाएवढाच आहे. पण तर्क तिथवर नेऊन त्याने जन्माचा दोर लेकालाच दिला. माझ्या मते लेकीचं वावर तेव्हाच एका ओळीने हुकलं.

स्त्रीधनाच्या, म्हणजे बाईच्या स्वतःच्या मालकीच्या धनाच्या, बाबतीत मात्र हाच पंडित मोकळ्या हाताचा होता. बाईला वारशाने, वाटणीने, खरेदीने जे मिळालं तेही त्याने स्त्रीधन धरलं. पुढे इंग्रजी राज्यात न्यायालयं शास्त्र वाचून निकाल देऊ लागली. कोलब्रुकने १८१० मध्ये मिताक्षरा आणि दायभाग यांतल्या वारसाप्रकरणांचं इंग्रजी भाषांतर काढलं, १८६४ मध्ये कोर्टाला शास्त्र सांगणारे पंडितही गेले, आणि उरले भाषांतर वाचणारे न्यायाधीश. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, वारशाने आलेली मिळकत स्त्रीधन नाही असं धरलं. बाईने ती हयातीपुरती भोगायची, विकायची नाही, तिच्या मागे ती ज्या पुरुषाकडून आली त्याच्या वारसांकडे परत. आपल्या रूढी जुनाट आणि गोऱ्यांनी सुधारणा आणली असं शाळेत शिकलेल्यांनी हा तुकडा जरा सावकाश वाचावा.

मुंबई इलाख्यात थोडं बरं होतं. तिथे घरात जन्मलेल्या बाईला, म्हणजे लेकीला, बहिणीला, वारशाने आलेलं पूर्ण मालकीने मिळत असे.

मग विदर्भ कुठे बसतो?

विदर्भ तेव्हा मुंबईत नव्हताच. वऱ्हाड निजामाचं, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा मध्य प्रांतात, मालगुजारीखाली, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा रयतवारीत, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. आजही पूर्वेकडचा म्हातारा 'मालगुजार' म्हणतो आणि पश्चिमेकडचा 'पाटील'.

वारशाच्या कायद्यात याचा परिणाम चमत्कारिक होता. हिंदू कुटुंब प्रांत सोडून दुसरीकडे वसलं तर मूळ प्रांताचा कायदा सोबत घेऊन येतं, असं न्यायालयं धरत. म्हणजे नागपूरकडे एकाच गल्लीत दोन घरं असली, एक घाटावरून आलेलं आणि एक उत्तरेकडून, तर एका घरची लेक बापाच्या वारशाची पूर्ण मालकीण आणि दुसऱ्या घरची हयातीपुरती. कुटुंब कुठलं हे ठरवायला कोर्टात काय पाहत? लग्नाचे विधी कोणते, उपाध्ये कुठले, चालीरीती कोणाच्या.

१९३७ मध्ये विधवांना नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा आला. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रांतांमधल्या शेतजमिनीला तो लागत नाही, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय. मग प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. मध्य प्रांत-वऱ्हाडानेही केला. त्या कायद्यानेही विधवेला हयातीपुरतंच मिळे. तो धागा १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ ने तोडला आणि बाईच्या ताब्यातली मिळकत पूर्ण तिची केली. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला.

तीस गुंठ्यांचे तीन एकर

कायदामंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हिंदू कोडाचा मसुदा संसदेपुढे रेटला, त्यात जन्मसिद्ध हक्कच काढून टाकायची योजना होती. विहीर बुजवा, सगळ्यांचे रांजण करा, लेक-लेकी सारखे. विरोध झाला, बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे कोडाचे तुकडे करून कायदे झाले आणि १९५६ च्या कायद्यात विहीर तशीच राहिली, दोर फक्त पुरुषांचे. एक सवलत ठेवली: बाप वारला की तो मरायच्या क्षणाआधी वाटणी झाली असं मनात धरायचं, बापाच्या हिश्श्याला येईल तेवढं बाजूला काढायचं, आणि तेवढ्यात लेकीला वाटा द्यायचा. याला कल्पित वाटणी म्हणू.

हे आकड्याशिवाय डोक्यात शिरत नाही. बारा एकर वावर धरा, खरोखर विहिरीतलं. घरात बाप, माय, दोन लेक, एक लेक. (मराठीत दोघांनाही लेकच म्हणतात, कायद्याला हे कळायला पन्नास वर्षं लागली.)

जुन्या नियमाने कल्पित वाटणीत चार हिस्से: बाप, माय, दोन मुलगे. प्रत्येकी तीन एकर. माय दोर टाकणारी नाही, पण आपल्याकडे वाटणी झाली की तिला हिस्सा मिळतो, आणि कल्पित वाटणीतही तो धरायचा हे १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम खटल्यात पक्कं झालं. आता बापाचे तीन एकर चौघांत: माय, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी तीस गुंठे. शेवटी माय आणि मुलगे पावणेचार-पावणेचार एकरांवर, मुलगी तीस गुंठ्यांवर.

९ सप्टेंबर २००५ ला दुरुस्ती आली आणि मुलीलाही जन्मापासून दोर मिळाला. आता कल्पित वाटणीत पाच हिस्से, प्रत्येकी ९६ गुंठे. बापाचे ९६ गुंठे चौघांत, प्रत्येकी २४. मुलीचे ९६ अधिक २४, म्हणजे १२० गुंठे. तीन एकर. सगळ्यांचे तीन-तीन. तेच वावर, तीच माणसं, मुलीचा वाटा चौपट.

महाराष्ट्राने हे अकरा वर्षं आधी, जून १९९४ मध्ये करून पाहिलं होतं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे ९२ साली लग्न झालेल्या थोरलीला काही नाही आणि घरी असलेल्या धाकटीला भावाएवढं. असल्या बहिणींचे दावे मी पाहिले आहेत. बापाने लग्न लवकर उरकलं याचा राग थोरलीला तीस वर्षांनी येतो.

बाप २००५ च्या आधी गेला असेल तर?

यावर पंधरा वर्षं गोंधळ होता. २००५ च्या कायद्यात हे धड लिहिलंच नव्हतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप आणि लेक दोघंही जिवंत हवेत. २०१८ मध्ये दुसऱ्या एका निकालात बाप २००१ मध्ये वारलेला असूनही लेकींना हिस्सा मिळाला. खालच्या कोर्टात ज्याला जो निकाल सोयीचा तो त्याची प्रत पुढे करी.

११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा खटल्यात हे मिटवलं. बाप जिवंत असण्याची गरज नाही, कारण लेकीचा हक्क बापाच्या मरणातून नव्हे, तिच्या जन्मातून येतो. आणि हे समजावताना न्यायालयाने शब्द वापरला तो विज्ञानेश्वराचाच: अप्रतिबंध दाय. ज्या दोराने लेकीला नऊशे वर्षं बाहेर ठेवलं, त्याच दोराने तिला आत ओढलं.

पण २० डिसेंबर २००४ च्या आधी खरोखर झालेली वाटणी किंवा विक्री मोडत नाही. कल्पित वाटणी ही खरी वाटणी नव्हे. आणि तोंडी वाटणी, जी आपल्याकडे घरोघरी असते ('हा धुऱ्याच्या अलीकडचा तुझा, पलीकडचा माझा'), ती सहसा मान्य नाही. तिच्या बाजूने सरकारी दप्तरातला भक्कम पुरावा असेल तरच कोर्ट अपवाद म्हणून पाहील. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा हवा. २००५ नंतर जुनी तारीख टाकून लिहिलेली वाटणीची यादी मी ढिगाने पाहिली. कागद जुना, शाई नवी.

'पण लग्नात दिलं होतं न!'

भावांचा पहिला आक्षेप हाच. अंदण, सोनं, मांडव, पंगती, सगळ्याचा हिशेब निघतो. कायदा लग्नाच्या खर्चाला वाटणी मानत नाही. हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे. गुन्ह्याची पावती दाखवून वजावट मागणार कशी? आणि लग्न भावाचंही झालेलं असतं, त्याचा मांडव कोणाच्या हिश्श्यातून वळता केला, हे कोणी विचारत नाही.

कर्जाचा मुद्दा मात्र रास्त आहे. सोसायटीचं, बँकेचं कर्ज वावरावर असेल तर हिस्सा घेणाऱ्या मुलीवर त्याचाही भार येतो. २००५ च्या दुरुस्तीने हक्कासोबत जबाबदारीही दिली आहे. विदर्भात जिथे पिकापेक्षा कर्ज वेळेवर उगवतं, तिथे हे बहिणींनीही ऐकून ठेवावं.

'म्हातारे आम्ही सांभाळले'

सांभाळले असतील, आणि पुष्कळदा सुनेने सांभाळलेले असतात, जिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. पण कायद्यात सांभाळणं मुलग्याची मक्तेदारी नाही. लग्न झालेल्या मुलीवरही आईबापाच्या पोटगीची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा-मुलगी दोन्ही आहेत. बापाला सेवेची परतफेड करायचीच असेल तर मृत्युपत्राचा रस्ता मोकळा आहे. तो रांजण पूर्ण देऊ शकतो आणि विहिरीतला स्वतःचा हिस्साही. मुलीचे जन्माचे ९६ गुंठे मात्र तो देऊ शकत नाही, ते त्याचे नाहीतच.

'वावराचे तुकडे, अन् जमीन परक्या घरी'

तुकड्यांची भीती खोटी नाही. बारा एकरांचे पाच भाग केले तर वखर फिरवायला जागा उरत नाही, आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहेच. पण तीन भावांत वावर वाटताना हा कायदा कोणाला आठवत नाही, बहीण आली की आठवतो. हिस्सा म्हणजे दरवेळी बांध घालणं नव्हे. तो पैशात घेता येतो, मक्त्याने भावाकडेच ठेवता येतो. आणि वारसाने आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ देतं. शेतजमिनीलाही ते लागतं, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

परक्या घराचं म्हणाल, तर लेक मूलबाळ नसताना आणि मृत्युपत्राशिवाय वारली, तर बापाकडून वारशाने आलेलं तिच्या नवऱ्याकडे जात नाही, बापाच्या वारसांकडे परत येतं. मूलबाळ असेल तर त्यांना जातं. भाच्याला परका म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

सगळ्यांना हा कायदा लागतो का?

बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. विदर्भात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'आम्ही हिंदू नाही, मग आम्हाला हिंदू कायदा कसा' असा प्रश्न दर महिन्याला येतो. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वेगळा कायदा आहे. त्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला.

अनुसूचित जमातींना कायद्याने बाहेर ठेवलं आहे. गोंड, कोरकू, कोलाम, माडिया यांच्यात वारसा रूढीने चालतो. मेळघाट-गडचिरोलीत 'आमच्यात पोरीला देत नाहीत' हे शेवटचं उत्तर असतं. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात म्हटलं की मुलीला वगळण्याची रूढी आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मग न्याय आणि समतेने वाटा सारखाच. त्या वादात १८७५ चा मध्य प्रांताचा कायदा चर्चेला आला होता. आपल्या नागपूरला लागू होता तोच.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे

बाप वारल्यावर पटवाऱ्याकडे वारसांची नोंद होते, फेरफार निघतो, नोटीस लागते. पुष्कळ ठिकाणी भाऊ अर्जात बहिणींची नावं गाळतात, किंवा जुन्या पद्धतीने ती 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली असतात. नाव नाही म्हणजे हक्क नाही असं बहिणींना वाटतं. सातबारा महसुलाच्या वसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे. न्यायालयांनी किती वेळा सांगितलं की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. लग्नाच्या पंगतीच्या यादीत नाव राहिलं म्हणून कोणी नात्यातून जात नाही, तसंच.

हक्कसोडपत्राने मात्र हक्क खरोखर जातो. स्टॅम्पवर नुसता नोटरी केलेला कागद चालत नाही, पण एकदा दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठा, सही झाली की तो दस्त मोडायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि साडी हा दबावाचा पुरावा होत नाही. बहिणी सही का करतात हे मला कळतं. माहेर तुटू नये म्हणून. त्या दिवशी ती बाईही तेच म्हणाली: "मले काय करायचं हाय भाऊच्या वावराचं? दिवाळीले दार उघडं राह्यलं पाह्यजे." सोडायचं तर जरूर सोडा. पण काय सोडतो आहोत ते मोजून सोडा.

त्या बाईचं वावर

मसुद्यात लिहिलं होतं, 'वडिलोपार्जित १२ एकर'. मी म्हटलं, आज सही नको, आधी जुने फेरफार काढा. भाऊ नाराज झाला, पण माणूस वाईट नव्हता. आठ-दहा दिवसांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला घेऊन आला. सोबत बहीण, आणि म्हातारी मायही.

फेरफार उघडला तर आज्याने हे वावर १९४८ मध्ये खरेदी केलेलं. आज्याच्या बापाकडे एक काकरही नव्हती, तो दुसऱ्या गावाहून आलेला. पैसे कुठून आले? माय म्हणाली, "सासरे कापसाच्या जिनावर गठाणी वाहत. जिनाचे पैसे होते ते." म्हणजे आज्याच्या घामाचं वावर. विहीर नव्हे, रांजण. आजा वारला १९६३ मध्ये, मृत्युपत्र न करता.

आता १९५६ चा कायदा लागतो. आणि १९८६ च्या चंदर सेन निकालापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं, की त्या कायद्याने बापाकडून मुलाला वारशाने आलेला हिस्सा त्याचा स्वतःचा, त्यात नातवंडांना जन्माचा दोर नाही. म्हणून आज्याचं सगळंच 'वडिलोपार्जित' नसतं. इथे २००५ चा कायदा, २०२० चा निकाल, कशाचीच गरज नव्हती. बाप २०११ मध्ये वारला, मृत्युपत्र नाही. वारस चौघं, माय, दोन भाऊ, बहीण. प्रत्येकी चौथाई.

"म्हंजे तीन एकर," भाऊ म्हणाला. हिशेबाला पक्का होता.

मी विचारलं, "आज्याला पोरं किती?"

"बाबा, अन् एक आत्या."

१९६३ मध्ये आज्याचे वारस तीन: आजी, बाबा आणि आत्या. तिघांना सारखं. आजी पुढे वारली, तिचा वाटा दोन लेकरांत. म्हणजे बारातले सहा एकर बाबाचे आणि सहा आत्याचे. बाबाच्या सहाचे चार वाटे, प्रत्येकी दीड एकर. आत्याचं नाव १९६३ च्या फेरफारात नाही, नंतरच्या कुठल्याच कागदात नाही. आत्याने कधी सही केलेली नाही, वाटणी कधी झालेली नाही. आणि एक हिस्सेदार वावर वाहतो एवढ्यानेच दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. माय खाली पाहत होती. भावाने नकलांची चवड नीट केली, पुन्हा विस्कटली.

"आत्या हाय अजून," बहीण म्हणाली. "आर्वीले असते. पंच्याऐंशीची झाली." मग भावाकडे वळून, "आता तिची साडी कोन घेईन? तू का मी?"